पिकअपचं गाळणं

आमच्या घरात सकाळ व्हायची ती आप्पांच्या पिकअपच्या आवाजानं. शेजारी टॉवेलचे माग होते. त्यांचा खटखटाट दिवसरात्र चालायचा, त्यामुळे तो आम्हाला ऐकूच यायचा नाही. वीज गेली की कानांना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, तेवढंच. पिकअपचं तसं नव्हतं. पहाटे आप्पा तिच्या बॉनेटवर दोनदा थाप मारायचे, मग आत बसून किल्ली फिरवायचे, आणि ती आधी घसा खाकरून, मग सगळं घर थरथरवत सुरू व्हायची. फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. आई भाकरी थापता थापता, वर न बघता, एक हात उंचावून डबे मागं सरकवायची. ही सवय तिच्या इतकी अंगात मुरली होती की गाडी बाहेरगावी असली तरी त्या वेळेला तिचा हात वर जायचा, आणि मग ती स्वतःशीच हसायची.

घर होटगी रोडला, गॅरेजांच्या रांगेमागं. दोन खोल्या, वर पत्रा, आणि पुढं पिकअपसाठी राखलेलं अंगण. अंगण घराहून मोठं. आई म्हणायची, ‘गाडीला मळा आन् मानसांना कोपरा.’ पण त्याच कोपऱ्यात तिनं कढीपत्ता लावला होता, पत्र्याखाली गोणपाट ताणून घेतलं होतं, मोरीला फरशी बसवून घेतली होती. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरंवाले. माझ्या आजोबांनी आयुष्यभर कळपामागं चालत मुलूख तुडवला. शहरात आलेले आप्पा आमच्या घराण्यातले पहिले. आजोबा जी मेंढरं चालवत न्यायचे तीच आप्पा पिकअपमध्ये भरून बाजाराला पोचवायचे, कधी सोलापूरला, कधी थेट पुण्याला. धंदा बदलला असं त्यांना कधी वाटलंच नसावं. गाडीशी ते बोलायचे, रागवायचे, लांबच्या खेपेहून आले की तिच्या चाकांवर पाणी मारताना ‘दमलीस की गं’ म्हणायचे. आमच्याशी एवढं बोलत नसत. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि आज साठी उलटल्यावरही तो पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही.

आमच्यात एक रीत होती. बाजारातून नवं जनावर आणलं की त्याला वाटेत पाणी दाखवायचं नाही. तहानेलंच घरी आणायचं, आणि बिरोबाच्या माळावरच्या आमच्या विहिरीचं पहिलं पाणी घरच्या कर्त्यानं आपल्या हातानं पाजायचं. आपलं पाणी प्यालं की जनावर आपलं होतं, मग ते कळपातून फुटत नाही. पिकअप घेतली ती जुनी, सोलापुरातच. ती कोरडी गावापर्यंत नेता येणार नव्हती, म्हणून आप्पांनी विहीरच सोलापुरात आणली. दोन कॅन भरून आणले, आधीच्या मालकाचं, इंजिन गार ठेवायचं हिरवं कूलंट गटारात सोडायला लावलं, आणि नारळ फोडून रेडिएटरमध्ये आमच्या विहिरीचं पाणी ओतलं. त्या दिवसापासून दुसऱ्या पाण्याचा थेंब तिच्यात गेला नाही. गावाकडं खेप झाली की कॅन भरून यायचे. वाटेत पाणी कमी झालं तरी धाब्यावरचं पाणी ते घालत नसत. घरातही स्वयंपाकाला विहिरीचंच पाणी. त्यात आईची डाळ काही केल्या शिजायची नाही, आणि चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरायचा, तो ती चिंचेनं घासून काढायची. पण डाळीचा आणि इंजिनाचा काही संबंध असेल असं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. डाळ चुलीवर असते आणि इंजिन रस्त्यावर.

खाण्यापिण्याच्या वेळाही गाडीच ठरवायची. पहाटेची खेप असली की आई हुलग्याचं माडगं करायची, दाट, वर लसणाची फोडणी. ते पिऊन माणूस दुपारपर्यंत उभा राहतो असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं. लांबची खेप असली की कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून, सोबत शेंगाची चटणी. त्या भाकऱ्या आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून पापडासारख्या मोडत खायचे. केबिनमध्ये कायम ज्वारीचा चुरा आणि मेंढरांचा वास. मला तो वास आवडायचा हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही.

मग पिकअप तापायला लागली. आधी उन्हाळ्यात, भरलेली असताना. मग हिवाळ्यातही. तापमानाचा काटा अर्ध्यावरून वर सरकायला लागला की आप्पांचं रस्त्यावर लक्ष राहायचं नाही. आमच्या समोरच्याच गॅरेजातले हनीफचाचा रेडिएटर उतरवायचे, खोलून धुऊन आणायचे, पाइप बदलायचे. थोडे दिवस बरे जायचे आणि काटा परत वर. चाचा मराठी बोलता बोलता आपल्या बोलीत शिरायचे. म्हणायचे, ‘सोपानभाऊ, धुवून तर मी देतोय. पन ये कचरा फिर से आता किदर से, ये मेरे कू नै समजता.’ आप्पा म्हणायचे, ‘नजर लागली आसंल.’ आणि पुढं लिंबू-मिरची नवी बांधायचे.

एकदा पुण्याला निघालेली खेप मोहोळजवळ थांबली. भर दुपार, मागं दाटीनं भरलेली मेंढरं, आणि बॉनेटमधून वाफ. आप्पांनी एकट्यानं मेंढरं उतरवून लिंबाखाली नेली. तिथल्या एका शेतकऱ्यानं आपल्या टाकीवरून पाणी दिलं, मेंढरांना आणि आप्पांनाही. तरी काही मेंढरं गेलीच. जनावर आपल्या हातात सोपवलेलं असताना मरणं, ही आमच्या घरात बोलायची गोष्ट नव्हती. आप्पा घरी आले ते हातपाय न धुता उंबऱ्यावर बसले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी बाजूला ठेवला. व्यापाऱ्यानं तोंडावर काही म्हटलं नाही, पण पुढच्या आठवड्यात त्याची मेंढरं दुसऱ्याच्या गाडीत गेली, आणि त्याचं बघून आणखी एकाची. ज्या शेतकऱ्यानं पाणी दिलं होतं त्यानं निघताना म्हटलं होतं, ‘इकायची झाली तर मला सांगा, मी शेतमालाला वापरीन.’ आप्पांनी ‘बगू’ म्हटलं होतं.

ते ‘बगू’ आईनं धरलं. रोज संध्याकाळी, भाकरी वाढता वाढता, तिचं सुरू व्हायचं. ‘अवो, द्या त्या मोहोळवाल्याला. गावाला जाऊ. भावजींच्या कळपात आपली मेंढरं घालू. हितं काय ठिवलंय?’ आप्पा मान खाली घालून जेवायचे. मला आईचा असा राग यायचा की तिच्या हातची भाकरी घशाखाली उतरायची नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली पहिलीच. सकाळी कॉलेज, दुपारी गॅरेजांच्या रांगेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर. गावाला जायचं म्हणजे दोन्ही संपलं. तिकडं चुलतीनं माझ्यासाठी एक मुलगा हेरूनच ठेवला होता. त्याचं शिक्षण किती हे कुणी सांगत नव्हतं, मेंढरं किती ते मात्र सगळ्यांना पाठ होतं. शेवटी आप्पा एक दिवस बोलले. ‘बकरी ईदीची खेप करतो. त्या खेपंत तापली, तर इकायची आन् गावाला जायचं. न्हाय तापली तर मग बगू.’ आई म्हणाली, ‘बरं.’ मला कुणी विचारलं नाही.

त्या दिवसांत एक डंपरचा ड्रायव्हर दुकानात आला आणि म्हणाला, ‘पाण्याचा फिल्टर द्या.’ मी त्याला समोरच्या भांड्यांच्या दुकानाकडं बोट दाखवलं. तो हसला. ‘प्यायच्या न्हाय ताई, इंजिनाच्या पान्याचा.’ मालकांनी वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. आत ऑइल फिल्टरसारखाच एक गोल डबा. मालक मोकळे होते आणि मला चौकशा करायची खोड होती, म्हणून कळलं ते असं: मोठ्या इंजिनांत थोडं पाणी सतत या डब्यातून फिरवतात, गंज, खपल्या, बारीक वाळू जे काही असेल ते आत अडकतं, डबा भरला की बदलायचा. ‘आन् आमच्या पिकअपला?’ मी विचारलं. मालक म्हणाले, ‘छोट्या गाडीला कंपनी देत नाही.’ देत नाही म्हणजे लागत नाही असं नव्हे, हे मला घरच्या अनुभवावरून माहीत होतं. त्या दुपारी मी एका गिऱ्हाइकाला चुकीचं बेअरिंग दिलं, कारण डोक्यात चाचांचं वाक्य फिरत होतं, कचरा परत येतो कुठून. रेडिएटर धुतला जात होता, इंजिनाचं पोट धुतलं जात नव्हतं. खपल्या पोटात होत्या. त्या सुटायच्या आणि स्वच्छ केलेल्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसायच्या.

चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. बशी तशीच हातात धरून उठले, पिकअपचं बॉनेट वर केलं आणि वाकून बघत राहिले. मग म्हणाले, ‘हौ बेटी, लगता है.’ इंजिनाच्या हेडवर एक तोंड बोल्ट मारून बंद केलेलं होतं. थंड मुलखात तिथून केबिनच्या हीटरला गरम पाणी जातं. सोलापुरात हीटर कुणाला हवा? चाचा म्हणाले, या तोंडातून एक नळी फिल्टरला न्यायची, फिल्टरमधून दुसरी नळी आणून रेडिएटरच्या खालच्या पाइपात टी-जोड टाकून सोडायची, पाण्याचा पंप ओढून घेईल. दोन्ही नळ्यांवर एकेक नळ बसवायचा, म्हणजे फिल्टर बदलताना सगळं पाणी सांडायला नको. फिल्टर ज्यावर फिरवून बसवतात ती बैठक भंगारबाजारातून, कुठल्या तरी मोडीत काढलेल्या बसची मिळेल. ‘पन दवावाला फिल्टर नक्को,’ ते म्हणाले. काही फिल्टरमध्ये मोठ्या इंजिनासाठी औषधाची पूड भरलेली असते; आपल्याला कोरा हवा. एवढं बोलून त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि विचारलं, ‘तेरे बाप कू कौन बोलेगा?’

आप्पांना मीच सांगितलं, जेवताना. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी ताटातून हात काढला.

‘म्हंजी आपल्या हिरीचं पानी घान हाय, असं म्हनायचंय तुला?’

‘तसं न्हाय आप्पा.’

‘मग कसं? तुज्या आज्यानं त्या पान्यावर कळप जगवला. तू त्याच पान्यावर मोटी झालीस. आता चार बुकं शिकलीस तर त्याला चाळन लावायची?’

ते रागावले असते तर मी भांडले असते. ते रागावले नव्हते, दुखावले होते. आई मध्ये पडली नाही. दोन दिवस घरात कुणी गाडीचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी गावाकडचे पाहुणे आले, आणि आईनं नेहमीसारखं हंड्याच्या तोंडावर धुतलेलं फडकं धरून त्यांच्यासाठी पाणी गाळलं. ते बघताना मला शब्द सापडले. पाहुणे गेल्यावर मी आप्पांना म्हटलं, ‘पाव्हन्याला आपन पानी गाळून देतो. ते काय पानी घान हाय म्हनून? मान म्हनून देतो की. मग गाडीलाच का न्हाय?’ आप्पांच्या मिशीतल्या मिशीत काहीतरी हललं. ‘लई बोलाय शिकलीस,’ ते म्हणाले. ‘बरं, लाव तुजं गाळनं. पन पानी आपलंच ऱ्हाईल.’ तेव्हापासून आमच्या घरात त्याला फिल्टर कुणी म्हटलं नाही.

बसवायला एक अख्खा दिवस गेला. बैठक बॅटरीशेजारी, चाचांनी पट्टी वाकवून तिला जागा केली. हेडवरचा बोल्ट निघता निघेना. तो तापवून, ठोकून, शिव्या देऊन काढावा लागला, आणि निघाला तेव्हा त्याच्या टोकाला पांढरा कडक लेप होता. चाचांनी तो नखानं टोकरून बघितला आणि माझ्याकडं बघितलं. नळ्या मी कापल्या, क्लिपा मी आवळल्या. चाचा म्हणाले होते, ‘दिमाग तेरा, तो हात भी तेरा.’ आप्पा सगळा वेळ मडगार्डवर हात ठेवून उभे होते. जनावराला डॉक्टर सुई टोचतो तेव्हा धनी असाच उभा राहतो. शेवटी गाडी सुरू केली, दोन्ही नळ उघडले, आणि चाचांनी माझा हात धरून आधी येणाऱ्या नळीवर ठेवला, मग परतीच्या. दोन्ही गरम होत होत्या. पाणी फिरत होतं. चाचांनी खूण सांगितली: परतीची नळी गार पडली की समजायचं, डबा भरला.

ती आठवडाभरातच गार पडली. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं जोडलंय, आणि मी घाबरले. चाचांनी नळ बंद केले, डबा फिरवून काढला, हातात तोलला आणि म्हणाले, ‘वजन देखो.’ तो आमच्या अंगणात आणून हॅक्सॉनं कापला. आईनं ‘माजी परात नगं’ म्हणत म्हणत जुनी परात आणून दिली. डब्याचं झाकण निघालं आणि आतल्या कागदाच्या घड्यांतून चिखल परातीत आला. तांबडा गंज होता, पण थोडा. बाकी सगळ्या पांढऱ्या-करड्या खपल्या, बोटात धरल्या की मोडणाऱ्या. आई वाकली, एक खपली उचलून चुरली आणि म्हणाली, ‘ह्ये तर माज्या पातेल्यातलं हाय.’

आप्पा परातीपुढं उकिडवे बसले. त्यांनी चिमूटभर चिखल अंगठ्यानं तळहातावर पसरला, उन्हात धरला. त्या मातीला ते ओळखत होते. इतकी वर्षं ते रोज हातानं जे पाजत आले होते, प्रेमानं, कॅन वाहून वाहून, तेच गाडीच्या पोटात थर धरून बसलं होतं, आणि तिला मारत होतं. हे त्यांना आम्ही कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांच्या पाठीकडं बघून मला रडू येत होतं, आणि मी ते आवरायला चाचांची हत्यारं गोळा करायला लागले. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याचे कॅन आणि हिरव्या कूलंटचा डबा घेऊन आले. कुठून आणलं, कुणाला विचारलं, काही नाही. चाचांनी इंजिनातलं सगळं जुनं पाणी सोडलं, दोनदा धुतलं, नवा कोरा डबा बसवला. भरायची वेळ आली तेव्हा आप्पांनी नरसाळं रेडिएटरच्या तोंडात ठेवलं, आणि कॅन माझ्याकडं सरकवला. ‘तू वत.’ मी त्यांच्याकडं बघितलं. आमच्यात पहिलं पाणी कोण पाजतं हे मला माहीत होतं, चाचांनाही एव्हाना माहीत होतं. ‘वत की,’ आप्पा म्हणाले. मी कॅन उचलला आणि ओतायला लागले. थोडं पाणी बाहेर सांडलं.

ईदीच्या खेपेला आप्पांनी मला बरोबर घेतलं, क्लिपा बघायला माणूस पाहिजे म्हणून. पहाटे निघायचं ठरलं होतं, पण बोकड गोळा होईपर्यंत ऊन वर आलं, आणि मोहोळ यायच्या वेळेला ऊन नको तेवढं तापलं होतं. केबिनमध्ये आम्ही दोघं काट्याकडं बघत होतो. काटा अर्ध्यावर होता आणि तिथंच होता. त्या लिंबापाशी आल्यावर आप्पांनी गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, ‘का हो आप्पा, काय झालं?’ ते म्हणाले, ‘काय न्हाय.’ उतरले, बॉनेट उघडलं, येणाऱ्या नळीला हात लावला, परतीच्या नळीला हात लावला. मग मागं जाऊन फळ्यांच्या फटीतून एका बोकडाचं कपाळ खाजवलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मग फडकं सोडून भाकरी मोडली आणि अर्धी मला दिली. पुण्यापर्यंत गाडी कुठं थांबली नाही. सगळे बोकड आपापल्या पायांवर उतरले.

तरीही पुढं काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं. आप्पांचं ‘मग बगू’ तसंच लोंबकळत होतं. आई तर घरात गाठोडी बांधून बसली होती, गोधड्यांचं एक आणि जास्तीच्या भांड्यांचं एक. अशात ईद झाल्यावर मोहोळचा तो शेतकरी स्वतःच आला. भला माणूस. येताना माझ्यासाठी पेरू घेऊन आला. गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडून बघितलं, गाळण्याला हात लावून ‘ह्ये काय नवीन?’ म्हणाला. आप्पांनी सांगितलं. गाडी नीट झालीय हे ऐकून तो मागं हटेल असं मला वाटलं होतं. उलट त्याचा चेहरा खुलला. त्यानं आधी म्हटलं होतं त्याहून चांगली किंमत सांगितली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्यामागं चुलीवर चहा उकळत होता, आणि आई तो उतरवत नव्हती.

आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. ते म्हणाले, ‘पानी तिनं पाजलंया. तिला इचारा.’

तो माणूस हसला. मग आप्पा हसत नाहीत हे बघून तो थांबला आणि माझ्याकडं वळला. त्याच्याही घरी जनावरं होती, त्याला ते कळलं असणार. तोवर घरच्या कुठल्याही मोठ्या गोष्टीत माझा शब्द कुणी मागितला नव्हता, आणि मागितला तो परक्या माणसासमोर. मी म्हटलं, ‘न्हाय द्यायची.’ आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. त्यानं मान हलवली, चहा घेतला, इकडंतिकडंच्या पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठला. जाताना म्हणाला, ‘पोरगी चांगली हाय.’ आप्पा म्हणाले, ‘व्हय.’ माझ्याबद्दल आप्पा एवढं बोललेले मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

तो गेल्यावर मला आईची भीती वाटायला लागली. तिला गावाला जायचं होतं, रोज सांगत होती, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत दार बंद केलं होतं. मी आत गेले तेव्हा ती गोधड्यांचं गाठोडं सोडत बसली होती. गाठ कच्ची मारलेली होती, एका ओढीत सुटली. आप्पा दारात येऊन उभे राहिले. ते गोंधळले होते. म्हणाले, ‘अगं, तुजंच चाललं हुतं न्हवं रोज, गावाला जाऊ, गावाला जाऊ म्हनून?’

आईनं वर बघितलं नाही. गोधडी झटकली, घडी घातली.

‘तुमच्या तोंडातनं हरलो म्हनून निगत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘कुनीतरी म्हनायला पायजे हुतं. म्हनून मी म्हनत हुते. मला कुटं जायाचंय?’